पियानोच्या वखारीतले कॉलेज

सौदी अरेबियातल्या राबिघ गावात ज्या ज्या मराठी माणसाची पाठ कधी धरली आहे, त्याला डॉ. निसार उलड्यांचा पहिला प्रश्न ठाऊक आहे. मी त्यांच्या खोलीत प्रथम शिरलो तो जवळजवळ काटकोनात. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये खाली पडलेले पेन उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. सहकाऱ्यांनी मला गाडीच्या मागच्या सीटवर आडवे घालून आणले. डॉक्टर दोन्ही हातांत सुलेमानी, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा पेला धरून उभे होते. ते पीत नव्हते, नुसता धरून होते. थंड हातांनी कुणाच्या पाठीला शिवायचे नाही हा त्यांचा नेम होता, हे मला पुढे कळले. त्यांनी माझे नाव विचारले, मी कोणत्या गावचा ते विचारले, आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाले, “गायधनीसाहेब, तुम्ही कधी पियानो उचललाय का?”

मी कण्हत सांगितले की मी पेन उचलत होतो.

“पेनापेक्षा पियानो बरा. पियानो उचलताना माणूस विचार करतो.”

त्यांनी मला टेबलावर पालथे झोपवले आणि माझ्या कमरेवर ते कोमट हात ठेवून एक हकिकत सुरू केली. अमेरिकेतल्या एका लहानशा गावात एक माणूस लोकांचे पियानो एका घरातून दुसऱ्या घरात पोचवण्याचा धंदा करी. त्याचे हमाल वर्ष-दोन वर्षांत पाठीने मोडत. एकटा एक म्हातारा हमाल मात्र ताठ होता, आणि तो रोज संध्याकाळी वखारीच्या फळीवर बाकीच्यांना आडवे करून त्यांच्या पाठी हातांनी मोकळ्या करी. एक दिवस मालकाचीच पाठ धरली. मालक त्या फळीवर झोपला आणि म्हणाला, मला शिकव. म्हातारा म्हणाला, शिकवीन, पण एका अटीवर. मी विचारले, “कोणती अट?” आणि विचारता विचारता माझे अंग कधी सैल पडले ते मला समजले नाही. त्याच क्षणी कमरेत कट् असा आवाज झाला.

“खलास,” डॉक्टर म्हणाले. “उठा हळूच. अट पुढच्या वेळी.”

डॉक्टर उलडे कायरोप्रॅक्टर होते. म्हणजे मणक्यांची आणि सांध्यांची दुखणी औषधाविना, हातांनी बरी करणारे. श्रीवर्धनच्या बाजूच्या एका खेड्यातले. मामा जहाजावर खलाशी होता, तो अमेरिकेत उतरला आणि तिथेच राहिला. त्याच्या आधाराने हा भाचा तिकडे शिकायला गेला. त्यांच्या चरित्रातला याहून अधिक तपशील मला माहीत नाही. ते स्वतःविषयी बोलतच नसत. बोलत ते कॉलेजाविषयी. पियानोच्या त्या वखारीत पुढे जे कॉलेज उभे राहिले, त्याचा इतिहास हे त्यांचे अर्धे औषध होते. “माणूस स्वतःच्या दुखण्याकडे कान लावून बसला, की त्याचे स्नायू पहारेकरी होतात,” ते म्हणत. “त्याचा कान दुसरीकडे न्यावा लागतो. मग दार उघडं सापडतं.” गोष्टीचा शिखरक्षण आणि हाताचा दाब हे दोन्ही त्यांच्याकडे एकाच वेळी येत. त्यामुळे राबिघमध्ये त्या कॉलेजाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक होता. पण प्रत्येकाला वेगळा तुकडा, आणि प्रत्येक तुकडा वाक्याच्या मध्येच तुटलेला.

माझ्या वाट्याला आलेला दुसरा तुकडा तुरुंगाचा होता. त्या काळात तिकडे परवान्याचा कायदा नव्हता, म्हणून ही विद्या करणाऱ्यांना विनापरवाना वैद्यकीच्या नावाखाली पकडत. कॉलेजाच्या दुसऱ्या प्राचार्यांनाही पकडले. दंड भरून सुटता आले असते, पण दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, म्हणून ते आत गेले. विद्यार्थी रोज सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी वह्या घेऊन उभे राहात आणि प्राचार्य गजांमधून शिकवत. जेलर लांबून बघत असे. एके सकाळी जेलर किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोठडीपाशी आला, त्याने कुलूप काढले, आणि… कट्.

माझी पाठ त्या खेपेला बरी झाली. पण तो जेलर माझ्या डोक्यातून जाईना. मी जात्या संकोची माणूस. कारणावाचून कुणाचे दार वाजवणे मला जमत नाही. शेवटी मी थोडी कमर अवघडल्याचे सांगून वेळ घेतली. डॉक्टरांनी माझ्या कण्यावरून बोटे फिरवली आणि हात उचलून घेतले.

“साहेब, पाठ उत्तम आहे. जेलरचं काय झालं ते ऐकायला आलात?”

मी ओशाळून उठून बसलो. त्यांनी त्या दिवशी फी घेतली नाही. मला सुलेमानी दिली आणि सांगितले की जेलर आत आला, त्याने दार आतून ओढून घेतले, टोपी काढून ठेवली आणि कोठडीच्या फळीवर निमूटपणे पालथा झोपला. “शहाणा माणूस,” डॉक्टर म्हणाले. “खोटं दुखणं घेऊन नाही आला.”

त्यांच्या प्रतीक्षाकक्षात जुन्या अरबी वर्तमानपत्रांची चळत असे. ती वाचण्यासाठी नसे. कॉलेजात पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना कागदाखाली एक दोरा ठेवून तो बोटांच्या टोकांनी शोधायला लावत, आणि रोज वर एकेक कागद वाढवत नेत. तोच खेळ डॉक्टरांनी रुग्णांच्या मुलांसाठी मांडला होता. इंग्रजी शाळेत जाणारी, आईबापांना हिंदीतून उत्तरे देणारी आमची मुले तिथे मात्र गप्प होऊन, डोळे मिटून, वर्तमानपत्रावरून बोटे फिरवत बसत. मीही एकदा प्रयत्न केला. मला दोरा एकाच कागदाखालीसुद्धा सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही दाबताय. शोधायचं असेल तर दाबायचं नाही.” ते वाक्य त्यांनी दोऱ्यापुरतेच म्हटले असणार; मी ते घरी आणले आणि बरेच दिवस स्वतःच्या वागण्याला लावून पाहात राहिलो.

बढाई त्यांच्यात नव्हती. साखर, दमा, निद्रानाश घेऊन कुणी आले की ते हसून परत पाठवत. “साखरेला डॉक्टर, मनाला अल्लाह आणि हिशेबाला बायको. माझ्याकडे फक्त मणका.” आणि मणकाही सरसकट नाही. त्यांच्या दवाखान्याचे मालक अबू सालेह हे त्यांचे कफीलही होते. म्हणजे डॉक्टरांचा या देशातला वास्तव्याचा परवाना, इकामा, त्यांच्या नावाशी बांधलेला. भारतीय कामगारांबरोबर आयुष्य गेल्याने अबू सालेह हिंदी बोलत, आपल्या पद्धतीची, पण धडाधड. त्यांची कमर एकदा धरली. घरचाच डॉक्टर, घरचेच टेबल. ते ऐटीत येऊन झोपले. डॉक्टरांनी त्यांचे पाय तपासले, मांड्यांच्या आतल्या बाजूला स्पर्श कळतो का ते विचारले, लघवीला काही फरक पडला आहे का ते विचारले. शेवटच्या प्रश्नावर अबू सालेह चिडले. एवढ्या लोकांना कट् करतोस, मला का नाही, असे ते ओरडल्याचे मी बाहेर बसून ऐकले. डॉक्टर शांतपणे म्हणाले की मी हात लावणार नाही, आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता जिद्दाला मोठ्या हॉस्पिटलात जाल. गाडी मी चालवतो. नोकराने मालकाला असे सांगायचा तो प्रसंग होता. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. उशीर झाला असता तर पाय गेले असते, असे तिथल्या सर्जनने सांगितले.

मी त्याबद्दल डॉक्टरांचे अभिनंदन केले, तेव्हा ते जरा अवघडलेच. “आमच्या कॉलेजात पहिलं वर्ष हात लावायला शिकवतच नसत,” ते म्हणाले. “हात मागे कधी घ्यायचा ते शिकवत. म्हाताऱ्या हमालाची अट हीच होती.”

अशा रीतीने त्या अटीचे उत्तर मला फार उशिरा मिळाले.

मग परवान्याच्या नूतनीकरणाचे वर्ष आले. तोवर डॉक्टरांच्या पदवीचा साक्षांकित कागद पुरत असे. आता नियम बदलला होता. पदवी देणाऱ्या संस्थेकडून थेट पडताळणी मागवली जात होती. डॉक्टरांनी कॉलेजाचे नाव लिहून पाठवले. उत्तर आले की अशी संस्था अस्तित्वात नाही. त्यांनी पुन्हा पाठवले, पुन्हा तेच उत्तर आले. परवाना नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर इकामा नाही, आणि इकामा नाही तर सामान बांधायचे.

ही बातमी ऐकली त्या क्षणी माझ्या मनात एक विचार येऊन गेला, तो इथे लपवणे बरे नव्हे. वखार, म्हातारा हमाल, गजांआडचे वर्ग, पालथा झोपणारा जेलर: हे सगळे फारच सुरेख होते. खरे इतके सुरेख असते का? मी तो विचार कुणापाशी बोललो नाही. पण ज्याच्या हातांखाली मी डोळे मिटून निश्चिंत पडलो होतो, त्याच्याविषयी तो मला सुचला, एवढेही मला पुरेसे लागले.

जुना परवाना संपला त्या दिवसापासून डॉक्टरांनी कुणाच्याही पाठीला हात लावला नाही. बघतोय कोण, असे अनेकांनी सुचवून पाहिले. ते रोज वेळेवर येत आणि प्रतीक्षाकक्षात बसत. रुग्णांना सुलेमानी करून देत, कॉलेजाच्या गोष्टी सांगत. पण दाबाचा क्षणच नसल्याने गोष्ट कुठे थांबवायची ते त्यांना कळेना. ती लांबत जाई, पातळ होई, आणि ते मध्येच उठून पेले विसळायला जात. त्यांची स्वतःची पाठही धरली होती. चालताना ते एका अंगाला कलत. आणि राबिघमध्ये दुसरा कायरोप्रॅक्टर नव्हता.

त्याच सुमारास साबिराभाभी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या घरी आल्या. बरोबर रंगाच्या रिकाम्या बादलीत वाढवलेले त्यांचे कढीपत्त्याचे झाड होते. वाळवंटी हवेत त्यांनी ते कुणा तान्ह्या मुलासारखे जगवले होते. माझ्या पत्नीला त्या म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या गॅलरीत ऊन चांगलं येतं. राहू द्या तुमच्याकडे.” सामान बांधायला त्यांनी झाडापासून सुरुवात केली होती.

पडताळणीची मुदत संपत आली, तेव्हा एका शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनी अबू सालेहना आणि मला जेवायला बोलावले. निरोपाचेच जेवण ते. नाव मात्र कुणी दिले नाही. भाभींनी लाल समुद्रातल्या नाजिल माशाला कोकमाचा आंबटपणा देऊन सार केले होते आणि वर सांदणे. अबू सालेह हाताने भात कालवत डॉक्टरांकडे बघत होते. जेवण झाल्यावर ते अचानक म्हणाले की परवाने देणाऱ्या समितीपुढे आपण सगळ्या रुग्णांनी जाऊन सांगावे, हे कॉलेज होते; आम्हांला त्याचा इतिहास पाठ आहे. आणि त्यांनी तिथल्या तिथे सुरुवात केली. त्यांच्या वाट्याला आलेला तुकडा कॉलेजाला आग लागल्याचा होता. विद्यार्थ्यांनी सांगाडा पाठुंगळी घेऊन खिडकीतून उडी मारली, आणि… इथे ते थांबले. मी तुरुंग सांगितला. भाभींनी वखारीत पियानोच्या तारेने टांगलेल्या हाडांचा पाठ सांगितला. त्यांचीही मान कधीतरी अवघडली होती. असे आम्ही जोडत गेलो, आणि मग तिघेही एकाच जागी येऊन अडलो.

“फिर?” अबू सालेहनी विचारले. “फिर कॉलेज का क्या हुआ?”

शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. तिथवर कुणाची पाठ कधी पोचलीच नव्हती. आम्ही डॉक्टरांकडे पाहिले. ते भिंतीला टेकून, एका अंगावर कलून बसले होते. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलायचा प्रयत्न केला. भाभी म्हणाल्या, “मलाही कधी सांगितलं नाही यांनी.”

तेव्हा अबू सालेह उठले. त्यांनी मजलिसमधला, म्हणजे बैठकीच्या खोलीतला, एक लोड ओढून गालिच्यावर मधोमध ठेवला आणि डॉक्टरांना हुकूम सोडला, यल्ला, झोपा. डॉक्टर नको नको म्हणत होते. पण ज्या माणसाला आपण एकदा जबरदस्तीने गाडीत घातले, त्याचा हुकूम मोडणे त्यांना जड गेले असावे. ते पालथे झोपले. अबू सालेह त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. हात मात्र त्यांनी लावला नाही. कानाशी वाकून विचारले, “डॉक्टर, तुम कभी पियानो उठाया?”

मग गालिच्यात तोंड असल्याने दबलेला आवाज आला. “हो. उचललाय.”

आणि त्यांनी शेवट सांगितला. विद्यार्थी कमी होत गेले. शहरातल्या एका मोठ्या कॉलेजाने त्यांचे कॉलेज आपल्यात सामावून घेतले. दप्तर, पुस्तके, हाडे, सगळे तिकडे गेले. वखारीची इमारत विकली. डॉक्टर तिथल्या शेवटच्या तुकडीत होते. वखारीत अगदी सुरुवातीपासून एक पियानो उरला होता. कुणीतरी पोचवायला दिला आणि पुन्हा चौकशीलाच आला नाही. शेवटच्या दिवशी प्राचार्यबाईंनी चार विद्यार्थी निवडले आणि सांगितले, हा नीट खाली न्या. जिना अरुंद होता. बाई खालून सूचना देत होत्या. श्वास सोडत उचला. गुडघ्यांतून. खाली ठेवेपर्यंत कुणी सरळ व्हायचे नाही. “ठेवला. सरळ झालो. मागं वळून बघितलं, तर बाई दाराला कुलूप लावत होत्या,” डॉक्टर म्हणाले. “आम्हांला पाठ दाखवून. त्यांची पाठ कधी वाकलेली बघितली नव्हती मी.”

मग मला राहवले नाही. दप्तर त्या मोठ्या कॉलेजाकडे गेले आहे हे त्यांना माहीत होते, तर पडताळणीसाठी त्याचे नाव का दिले नाही, असे मी हळूच विचारले.

डॉक्टर तसेच पडून म्हणाले, “कारण मी तिथं शिकलो नाही, साहेब. एक दिवस नाही. कुठं शिकलास असं विचारतात. खोटं कसं लिहू?”

माझ्या त्या चोरट्या विचाराला हे उत्तर होते. खोटेपणाच्या शंकेने मी ज्याच्याकडे पाहिले, तो माणूस आपले सगळे बिऱ्हाड पणाला लावून खरे बोलत होता. मी मान खाली घातली.

साबिराभाभींनी मात्र घातली नाही. त्या दारातून दोन पावले पुढे आल्या. “निकाह झाला, पासपोर्टावर माझं नाव उलडे झालं,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी बाबांच्या घरी वाढलेच नाही होय? बाबांचं घर तर आता बंद आहे. साबिरा कशी वाढली असं कुणाला विचारायचं असेल, तर इथंच येऊन विचारणार ना? का बंद घराचं दार वाजवत बसणार?”

आधी डॉक्टरांचे खांदे हलले. मला वाटले ते रडत आहेत. मग आवाज आला, आणि ते हसत होते. गालिच्यात तोंड खुपसून, अंग सैल सोडून, ते खूप वेळ हसले. अबू सालेहना सगळे मराठी समजले नव्हते, तरी तेही हसू लागले. आणि त्या हसण्यात डॉक्टर कुशीवर वळले तेव्हा त्यांच्या कमरेतून आलेला आवाज आम्ही सर्वांनी ऐकला.

“खलास,” अबू सालेह म्हणाले.

अर्ज नव्याने गेला. संस्थेचे नाव त्या मोठ्या कॉलेजाचे, आणि डॉक्टरांच्या आग्रहाखातर त्यापुढे जुन्या कॉलेजाचे नाव, ज्याचे दप्तर यांच्याकडे आहे अशा खुलाशासकट. पडताळणी विनातक्रार झाली. परवाना आला त्या दिवशी टेबलावर पहिला मी झोपलो. माझ्या पाठीला काहीही झाले नव्हते, हे आम्हां दोघांनाही माहीत होते. त्यांनी फक्त हात ठेवले. कोमट होते. त्यांनी गोष्ट सांगितली नाही आणि मीही मागितली नाही.

आता ते तबूकला असतात. तिथे त्यांना मोठा दवाखाना मिळाला. अबू सालेहनीच शब्द टाकला. तिथली थंडी राबिघपेक्षा कडक, पण भाभी झाड घरात घेतात असे कळते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्यांची मूर्ती येते ती त्या परवान्याच्या आठवड्यातली. ते आमच्या घरी झाड परत न्यायला आले होते. माझ्या पत्नीने त्याला खूप पाणी घातल्याने बादली जड झाली होती. आनंदाच्या भरात मी पुढे होऊन एकटाच ती उचलायला वाकलो.

“थांबा, गायधनीसाहेब. पियानो उचललाय का कधी?”

“नाही.”

“मग एकटे का उचलताय?”

ते समोरून आले. आम्ही गुडघ्यांतून वाकलो, श्वास सोडला आणि बादली उचलली. मध्ये ते झाड होते, त्याच्या पानांतून मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते खालून बजावत होते, सावकाश, अजून नाही, अजून सरळ व्हायचं नाही. गाडीच्या डिकीत बादली टेकली. त्यांनी ती दोन्ही हातांनी हलवून नीट बसली आहे ना ते पाहिले, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

मग आम्ही दोघे एकदमच सरळ झालो.